सात कोटींची हाक

चंपाषष्ठीला आमच्या घरी खंडोबाची तळी भरली जायची. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि मधोमध भंडाऱ्याचा पिवळाधमक ढीग. ताम्हनाला हात लावणारे विषम संख्येत हवेत, म्हणून चारच मोठी माणसं जमली की पाचवा म्हणून पोरासोरांपैकी एकाची वर्णी लागायची. एका वर्षी ती माझी लागली. ताम्हन वर गेलं, सगळ्यांनी घसा ताणून ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हटलं, मीही म्हटलं. येळकोट म्हणजे काय, हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. येळकोट म्हणजे येळकोट.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी सोलापूरच्या बाजारात एका आडतीवर उभा होतो. हमाल पोती उतरवत होते आणि दिवाणजी कानडीत मोजत होता : ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु. ‘एळु’ला माझे कान टवकारले. एळु म्हणजे सात. मग कोट म्हणजे? कोटीच की! सात कोटी! इतकी वर्षं आम्ही देवापुढे उभे राहून घसा फोडून कानडीत आकडा सांगत होतो, आणि घरात एकालाही कानडी येत नव्हतं.

हा आकडा कसला, तर सैन्याचा. मल्हारी माहात्म्यात कथा आहे : मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळलं, तेव्हा शंकरानं मार्तंडभैरवाचं रूप घेतलं आणि सात कोटी गणांचं सैन्य घेऊन तो उतरला. सीमेपलीकडे, हूविना हडगली तालुक्यातल्या मैलार या गावी आजही भक्त ‘एळु कोटि, एळु कोटि’ असाच पुकारा करतात. तिथे त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आपल्याकडे मात्र शब्दाचं टरफल उरलं, दाणा सीमेवर राहिला. तरीही हा शब्द आपल्यात इतका मुरला की त्याची म्हण झाली : वाघ्याचा पाग्या झाला तरी त्याचा येळकोट राहीना. देवाच्या दारी नाचणाऱ्या वाघ्याला कोणी घोडदळात पागेचा अधिकारी केला, अंगावर सरकारी कपडे आले, पण तोंड उघडलं की जुनाच पुकारा.

त्या दिवसापासून मला खंडोबाची नावं नुसती उच्चारता येईनाशी झाली. एकेक नाव सोलून बघायची खोड लागली. आणि प्रत्येक नावाच्या आत कोणी ना कोणी बसलेलं सापडत गेलं.

‘मल्हारी’च घ्या. संस्कृत पोथी सांगते, मल्ल अधिक अरि, मल्लाचा शत्रू. आता यातली गंमत बघा. लोककथेत शेवटच्या घटकेला मल्ल देवाकडे मागणं मागतो : तुझ्या नावाआधी माझं नाव यावं. देव म्हणतो, तथास्तु. तेव्हापासून ज्यानं हरवलं त्याला हाक मारायची तर आधी हरलेल्याचं नाव घ्यावं लागतं. मुरारी, त्रिपुरारी, मधुसूदन ही नावं अशाच घडणीची. पण तिथे दैत्य व्याकरणात अडकलेला आहे, इथे तो हट्टानं येऊन बसलाय. पोथीतला मल्ल मात्र इतका सालस नाही. तो वर म्हणून जगाचा नाश आणि नरमांस मागतो, आणि देव त्याचं मुंडकं उडवतो. ते देवळाच्या पायरीशी पडतं, भक्तांनी तुडवायला. एकाच दैत्याचं नाव जिभेवर आणि डोकं पायाखाली.

भाऊ मणी शहाणा निघाला. त्याला पश्चात्ताप झाला. त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि मागितलं की तुझ्या प्रत्येक ठाण्यात मला जागा दे आणि बोकडाचा नैवेद्य दे. दोन्ही मिळालं. त्यामुळे खंडोबाच्या दारात जे बकरं पडतं ते मणीच्या वाट्याचं, देवाच्या नव्हे, असं म्हणायची सोय झाली. देव शाकाहारी राहिला आणि धनगर, रामोशी, कोळी यांचा मटणाचा नैवेद्यही राहिला. शाकाहारी आणि मांसाहारी भक्तांना एकाच ओट्यावर बसवण्याची इतकी चतुर तोड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पण ‘मल्ल अधिक अरि’ ही फोड खरी का? मैलार हे नाव कानडीत जुनं आहे, आणि मैलार – मल्हार हा प्रवास कानाला सरळ वाटतो. रा. चिं. ढेरे यांनी १९६१ साली ‘खंडोबा’ हे पुस्तक लिहिलं तेव्हापासून मराठी वाचकाला हे ठाऊक आहे की आपल्या या कुलदैवताची मुळं दक्षिणेकडे लांबवर गेलेली आहेत. माझा अंदाज असा, की आधी नाव होतं, मग त्याला शोभेल असा दैत्य मिळाला. गावठी वाटणाऱ्या नावाला पंडितांनी संस्कृत अंगरखा शिवला आणि तो इतका बेतशीर बसला की खालचं घोंगडं दिसेनासं झालं.

घोंगडं हा शब्द मी सहज वापरलेला नाही. त्याकडे पुढे येतो. आधी खंडोबा.

खंडोबाच्या चार हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचं पात्र. खड्ग म्हणजेच खंडा. जेजुरीला दसऱ्याच्या उत्सवात हा खंडा उचलण्याची स्पर्धा लागते. सुमारे ४२ किलोचं ते पोलादी धूड कोणी एका हाताने तोलून धरतो, कोणी चक्क दातांत धरून उचलतो. काही अभ्यासक खंडोबाला स्कंदाशीही जोडतात, पण खंडा डोळ्यांदेखत हवेत फिरत असताना ती व्युत्पत्ती मला तरी फिकी वाटते. मला जास्त गोडी आहे ती शेवटच्या ‘बा’ची. विठोबा, जोतिबा, म्हसोबा, खंडोबा. बा म्हणजे बाप. तलवारीला बाप म्हणणारी ही भाषा त्याच दमात ‘खंडेराव’ म्हणून त्याला राजाही करते.

आणि तो नुसता म्हणायला राजा नाही. त्याचा गड आहे, प्रधान आहे, पालखी निघते, तो शिकारीला जातो. प्रधानाचं नाव हेगडी, आणि पुन्हा कानडीच : हेग्गडे म्हणजे गावचा प्रमुख. जेजुरीच्या गडाला नवलाख पायरी म्हणतात. चढायला लागलात की काही शे पायऱ्यांतच माथा येतो, पण धाप नवलाखाचीच लागते. नवीन लग्न झालेला नवरा बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो. वर अंगणात पितळी पत्र्यानं मढवलेलं भलंथोरलं कासव, दगडी दीपमाळा आणि सगळीकडे हळद. पायाखाली हळद, भिंतींना हळद, भटक्या कुत्र्याच्या पाठीवर हळद. कोणी मूठभर उधळली की क्षणभर समोरचा माणूस दिसत नाही, नुसता पिवळा उजेड दिसतो. ‘सोन्याची जेजुरी’ हे कवीचं कौतुक नाही. दुपारी बाराला तिथे उभं राहिलं की ते साधं वर्णन वाटतं.

हा पिवळेपणा कुठून आला याचं उत्तर तिसऱ्या नावात आहे, मार्तंड. मार्तंड म्हणजे सूर्य. ऋग्वेदात अदितीच्या आठ मुलांतला हा आठवा; सात जणांना घेऊन ती देवांकडे गेली आणि या एकाला तिनं दूर टाकलं. मृत अंड्यातून आलेला, टाकून दिलेला सूर्य! मल्हारी माहात्म्यातला मार्तंडभैरव सोन्यासारखा झळाळतो, आणि आपण त्याच्यावर जे उधळतो ती हळद म्हणजे गरिबाला परवडणारं ऊन. त्याचा वारही रविवार. शंकराचा सोमवार सोडून शंकराच्याच या अवतारानं रविवार का धरला, हे कोडं मला लहानपणी पडायचं. मार्तंड या नावाचा अर्थ कळला आणि ते सुटलं.

पण हळदीसोबत बेल असतोच. बेल शंकराचा, भंडारा सूर्याचा, आणि दोन्ही मिळून ‘बेलभंडार’. या शब्दाला मराठी राज्यात मोठं वजन होतं. एखाद्यानं बेलभंडार उचलला म्हणजे शपथ घेतली. शब्द फिरवणं मग माणसाच्या हातात राहत नसे. इंदूरला होळकरांची टांकसाळ होती, तिच्या रुपयांवर गावाचं नाव मल्हारनगर असं येई. मल्हारराव होळकरांचं नाव मुळी या देवाचं. त्या घराण्याच्या नाण्यांवर शिवलिंग दिसतं, बेलाचं पान दिसतं आणि सूर्याचा हसरा गोल चेहराही दिसतो. मला तर ती नाणी पाहिली की तळहातावर धातूचा बेलभंडारच ठेवल्यासारखं वाटतं.

चौथं नाव माझं सर्वांत आवडतं, आणि ते देवाचं नाहीच. वाघ्या.

वाघ्या म्हणजे नवसानं देवाला वाहिलेला माणूस. गळ्यात व्याघ्रचर्माची भंडाऱ्याची पिशवी, हातात दिमडी, जवळ कोटंबा. जागरणाच्या रात्री दिवटी पेटते, तुणतुणं लागतं आणि तो पहाटेपर्यंत देवाची कथा गातो; शेवटी लोखंडी साखळीला हिसडा देऊन लंगर तोडतो. नावात वाघ, पण वागणं मात्र कुत्र्याचं! देवाचं कुत्रं म्हणून भुंकणं हा त्याच्या जुन्या सेवेचा भाग होता. कर्नाटकात गोरवय्या म्हणून त्याचे भाऊबंद आहेत. काळी घोंगडी पांघरतात, अस्वलाच्या केसांची टोपी घालतात, आणि उत्सवात दोणीत ओतलेलं अन्न ओणवे होऊन कुत्र्यासारखं तोंडानं खातात. मैलारच्या उत्सवात एक गोरवय्या उपास करून उंच धनुष्यावर चढतो, आणि वरून वर्षाचं भाकीत एका वाक्यात सांगून खाली झोकून देतो. त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात शेतकरी आणि पुढारी दोघेही पुढचे कित्येक दिवस घालवतात.

कुत्रा खंडोबाच्या प्रत्येक चित्रात आहे. घोड्याच्या पायांत घुटमळणारा, वर मालकाकडे बघणारा. चंपाषष्ठीला घरोघर कुत्र्याचाही नैवेद्य निघतो : ठोंबरा, रोडगा, वांग्याचं भरीत. ज्या घरांत चातुर्मासात वांगं वर्ज्य, तिथे ते त्या दिवशीच सुटतं, आणि कधी कधी पहिला घास कुत्र्याला मिळतो. गुंथर सोन्थायमर हा हायडेलबर्गचा जर्मन प्राध्यापक महाराष्ट्रात येऊन धनगरांच्या ओव्या टिपत कित्येक वर्षं वाड्यावस्त्यांवर फिरला. त्याला या कुत्र्यात यजुर्वेदातला रुद्र दिसला. शतरुद्रीयात रुद्राच्या नावानं कोणाकोणाला नमस्कार आहेत ते एकदा वाचावं : कुत्र्यांना, कुत्र्यांच्या धन्यांना, रानात फिरणाऱ्यांना, चोरांच्या म्होरक्यालासुद्धा. वेदकाळापासून खंडोबापर्यंत सलग धागा दाखवणं कठीण आहे आणि मी तो ओढूनताणून दाखवणार नाही. पण हे सगळं गणगोत जेजुरीच्या पायथ्याशी उभं आहे खरं. गावाची राखण करणारे आणि कधी त्याच हातांनी दरोडा घालणारे रामोशी याच देवाचे. आणि मराठी घरातल्या कुत्र्याचं सर्वांत लाडकं नाव वाघ्या, हा योगायोग नसावा असं मला आपलं वाटतं.

वाघ्यासोबत मुरळी येते, आणि तिथे मात्र आश्चर्य वाटून थांबता येत नाही. लहान मुलींचं देवाशी लग्न लावून त्यांना वाऱ्यावर सोडणारी ही चाल होती. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सोमवंशीय मित्र’मधून तिच्याविरुद्ध रान उठवलं, आणि पुढे कायद्यानं बंदी आली. भंडाऱ्याच्या उजेडात हेही दिसायला हवं.

आता घोंगड्याकडे. खंडोबाला ‘म्हाळसाकांत’ म्हणतात. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिच्याशी त्याचं लग्न साताऱ्याजवळच्या पालीला लागलं, आणि दर पौष पौर्णिमेला तिथे ते पुन्हा लागतं. नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ आहे, आणि म्हाळसेत मोहिनी उतरली अशी कथा आहे. तिकडे गोव्यात म्हार्दोळला म्हाळसा नारायणी आहे. ती तर सरळ मोहिनीचं रूप, विष्णूच. म्हणजे एका टोकाला म्हाळसा शंकराची बायको, दुसऱ्या टोकाला तीच साक्षात विष्णू. दोन्हीकडचे भक्त एकाच नावानं हाक मारतात आणि कोणाचंही काही अडत नाही.

पण कथेला खरा रंग चढतो तो दुसरीमुळे. म्हाळसेबरोबर सारीपाटाचा डाव पडला. देव हरला आणि पैजेप्रमाणे बारा वर्षांसाठी घर सोडून निघाला. निघाला तो थेट धनगरवाड्यावर. खांद्यावर घोंगडं टाकून बाणाईच्या बापाकडे मेंढक्या म्हणून राहिला. मग एक दिवस त्यानं सगळी मेंढरं मारून टाकली आणि सांगितलं, पोरगी दिलीस तर जिवंत करतो. बाप काय करणार! बाणाईला घेऊन देव गडावर आला तेव्हा म्हाळसेनं काय केलं असेल ते सांगायला नको. धनगरांच्या गाण्यांत दोघींची भांडणं रंगवून रंगवून येतात : ही तिच्या अंगाच्या मेंढरांच्या वासावर नाक मुरडते, ती हिच्या सोवळ्याची टर उडवते. देव मधल्या मध्ये अंग चोरून बसतो. जेजुरीला आजही म्हाळसा वर देवापाशी आणि बाणाईचं ठाणं निम्म्या डोंगरावर. आधी बाणाईच्या दारावरून जायचं, मग म्हाळसेच्या उंबऱ्याला.

सोन्थायमर या दोघींकडे बघून म्हणे, एक वसलेल्या गावाची, दुसरी रानाची. आणि देव या दोन्हींत येरझारा घालणारा. दोघींवर तो थांबत नाही. रंभाई शिंपीण आहे, फुलाई माळीण आहे, चंदाई भागवीण आहे; या शेवटचीला तेली आपली म्हणतात आणि मुसलमानही. देवाच्या बायकांची यादी लावली की बाजारपेठेतून फेरफटका मारल्यासारखं होतं. जातीजातींनी आपापली लेक देवाच्या घरी दिली आणि सोयरीक जोडली. देवाशी नातं सांगायचं तर सासरा होण्याइतकं पक्कं नातं दुसरं कुठलं!

ही सोयरीक फक्त मराठी मुलखातली असेल असं मी समजत होतो. मग तेलंगणातल्या कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाबद्दल वाचलं. तोही हळदीचा देव. त्याच्याही दोन बायका : मेडलम्मा लिंगायत घरातली, केतम्मा मेंढपाळ गोल्लांची. त्याच्या कथा गातात ते कुरुमा समाजाचे ओग्गु कथेकरी. ओग्गु म्हणजे डमरू. मैलारला देवाची बायको गंगीमाळव्वा, तीही धनगरीण. तीन भाषा, तीन देवळं, आणि घरातला तंटा मात्र तोच! कोणी कोणाची गोष्ट उचलली हे विचारण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मेंढरांना भीमा, कृष्णा, गोदावरीची खोरी ठाऊक असतात, राज्यांच्या सीमा नसतात. पावसाळ्याच्या आगेमागे कळप हलले, त्यांच्यासोबत देव हलला, आणि ज्या गावी मुक्काम पडला तिथल्या बोलीत त्याला नाव मिळालं. नळदुर्गचा खंडोबा तर अजून मुक्काम हलवतो : वर्षातला काही काळ नळदुर्ग, बाकीचा अणदूर. आमच्या सोलापूरला बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेत मराठी, कानडी आणि तेलुगू तिन्ही कानावर पडतात, आणि पुकारा मात्र एकच.

अजून एक नाव राहिलं. काही मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणतात, कोणी अजमतखान. जेजुरीवर चालून आलेल्या औरंगजेबाच्या फौजेवर भुंग्यांचं मोहोळ उठलं आणि बादशहाला नमतं घ्यावं लागलं, अशी दंतकथा या नावासोबत सांगितली जाते. दंतकथेचं राहू द्या. खानाला हळद वाहणारा भक्त आणि खंडेरावाला हळद वाहणारा भक्त एकाच पायरीवर उभे राहून एकाच कासवापुढे मूठ उघडतात, तेव्हा देवाला कोणत्या नावाची हाक आधी ऐकू येत असेल?

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे, पणजोबांच्या वेळचा. दर चंपाषष्ठीला तो चिंचेनं घासायचा, अशी रीत. शंभर वर्षांच्या घासण्यानं देवाचे नाकडोळे गेलेत, तलवारीची नुसती रेघ राहिलीय. घोड्यावर त्याच्यासोबत एक बाई बसलेली आहे. ती म्हाळसा असं आजी म्हणायची, कारण आमच्याकडे पुरणाचा नैवेद्य. बाणाई असं आजोबा म्हणायचे, का ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दरवर्षी टाक पुसून ताम्हनात ठेवताना हा वाद एकदा व्हायचाच, आणि भंडारा पडला की दोघंही गप्प व्हायचे. मागच्या वर्षी मी भिंग घेऊन बसलो. बाईचा चेहरा आता साफ गुळगुळीत झालाय, काही कळायला मार्ग नाही. घोड्याच्या पोटाखालचा कुत्रा तेवढा अजून नीट दिसतो, एक कान उभा, मान वर.